कापड चढवलेल्या कॅलेंडरला बाक येतो, फुगे येतात: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

खण, इरकल, खादी किंवा गोव्याकडचं कुणबी चौकड्याचं कापड पुठ्ठ्यावर चढवून केलेलं भिंतीवरचं कॅलेंडर पहिल्या दिवशी छान दिसतं. आठवड्याभरात कोपरे भिंतीपासून सुटतात, मध्येच कुठेतरी फुगा येतो आणि खापर गोंदावर फुटतं. पुढच्या वेळी गोंद दुप्पट लावला जातो आणि बाकही दुप्पट येतो. असं कॅलेंडर उलटं करून पाहिलं की बहुतेक वेळा एकच दृश्य असतं. पुढे कापड, लेस, आरसे, सगळा थाट. मागे उघडा करडा पुठ्ठा. दुखणं तिथेच असतं.

खालची सगळी मापं १२ × १८ इंची कॅलेंडरची आहेत. पाठीला २.५ मिमीचा ग्रे बोर्ड (काही दुकानांत तो कप्पा बोर्ड म्हणून मिळतो), पुढे कापड, कडा मागे दुमडलेल्या, वरच्या बाजूला दोन आयलेट (छिद्रात बसवायच्या धातूच्या रिंगा) आणि त्यांतून अडकवलेली महिन्यांची पानं, म्हणजे पाठ तीच ठेवून दर जानेवारीला पानं बदलता येतात. माप वेगळं असेल तर गोंद आणि कागद त्या प्रमाणात बदला. तपासण्याचा क्रम बदलू नका.

लक्षणं

आधी कॅलेंडर भिंतीवरून काढा, पानं सोडवा आणि पाठ ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा काचेवर उताणी ठेवा. पलंगावर किंवा सतरंजीवर ठेवून काही कळत नाही.

• चारही कोपरे वर उचललेले, मध्य ओट्याला टेकलेला: पुढची बाजू आखडली आहे किंवा मागची फुगली आहे. सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण.
• कोपरे टेकलेले, मध्य उचललेला: मागची बाजू ओढते आहे. मागे जाड कागद लावला असेल किंवा भिंत उन्हाने तापत असेल, तर असं होतं.
• एकच कोपरा किंवा तिरके समोरासमोरचे दोन कोपरे उचललेले: हा बाक नसून पीळ आहे. बहुधा कापड तिरकं ताणलं गेलं आहे किंवा पुठ्ठा आणि मागचा कागद यांच्या दिशा जुळलेल्या नाहीत.
• फुगे कायम एकाच जागी: तिथे गोंद पोचलेला नाही.
• फुगे पावसाळ्यात येतात, थंडीत जातात: गोंद धरून आहे, हवेतल्या ओलाव्याने कापड सैल पडतं आहे.
• कापडावर गडद, चकाकणारे चट्टे: गोंद विणीतून वर आला आहे.
• खणाच्या बुट्ट्यांच्या ओळी वाकड्या, कोपऱ्यांतून निघालेल्या तिरक्या सुरकुत्या: कापड उरेबात, म्हणजे विणीला तिरकं, ओढलं गेलं आहे.
• कुबट वास, काळे किंवा हिरवट ठिपके: बुरशी.
• जुनी पानं काढल्यावर खालचं कापड गडद आणि भोवतीचं फिकं: हा उन्हाचा परिणाम आहे आणि त्याला दुरुस्ती नाही. नवी पानं जुन्यांपेक्षा अर्धा इंच मोठी घ्या किंवा कॅलेंडरची जागा बदला.

आता पट्टीने मोजा. कोपरा ओट्यापासून ३ मिमीपर्यंत उचललेला असेल तर काही करू नका; भिंतीवर तो डोळ्याला दिसत नाही आणि पानांच्या वजनाने थोडा बसतोही. ३ ते १० मिमी असेल तर पुढच्या तपासण्या उपयोगी पडतील. त्याहून जास्त असेल किंवा पुठ्ठ्यावर मोडल्याची रेघ दिसत असेल, तर थेट पुठ्ठ्याच्या तपासणीवर जा. मोडलेल्या पुठ्ठ्याचे तंतू तुटलेले असतात. कितीही दाबला तरी तो त्याच रेघेवर पुन्हा वाकतो.

आणखी एक गोष्ट आठवून पाहा. बाक पहिल्या आठवड्यातच आला आणि तसाच राहिला, की ऋतूप्रमाणे येतो-जातो? पहिला प्रकार बनवण्यातल्या चुकीचा, दुसरा जागेचा. हे ठरल्याशिवाय कापड उखडायला घेऊ नका.

१. टांगणी (खर्च शून्य)

ओट्यावर कॅलेंडर सपाट बसतं, पण भिंतीवर वाकडं दिसतं? मग दोष टांगणीत आहे. वरच्या कडेला मधोमध एकच कडी लावली की सगळं वजन एका बिंदूवर येतं, वरची कड पुढे झुकते आणि पान उलटताना पाठ गोल फिरते. कालांतराने त्या कडीभोवतीचा पुठ्ठा खरोखरच वाकतो.

दोन कड्या लावा, दोन्ही बाजूंच्या कडांपासून अडीच इंच आत आणि वरून तीन-चार इंच खाली. दोरी लावायची तर ती जवळजवळ ताठ असू द्या. सैल दोरीचा त्रिकोण कॅलेंडरला पुढे झुकवतो. मागे खालच्या दोन कोपऱ्यांना फेल्टच्या किंवा रबराच्या ६ ते ८ मिमी जाड टिकल्या चिकटवा. त्याने झुकाव जातो आणि मागे हवा खेळते. ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे.

२. भिंत (खर्च एक चिकटपट्टी)

कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात बाहेरच्या बाजूची भिंत ओल धरते. अशा भिंतीला उघडा पुठ्ठा टेकला की तो मागून पाणी पितो, मागची बाजू प्रसरण पावते आणि कोपरे खोलीकडे वळतात. लक्षण हुबेहूब कापड आखडल्यासारखंच दिसतं, म्हणून ही तपासणी गोंदाच्या आधी.

कॅलेंडरच्या जागी प्लॅस्टिकचा फूटभर चौकोनी तुकडा घ्या, चारही कडा चिकटपट्टीने बंद करून भिंतीला लावा आणि एक दिवस राहू द्या. काढल्यावर प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला दमटपणा किंवा थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला दिसले तर खोलीतली वाफ थंड भिंतीवर बसते आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर हे हमखास होतं. पहिल्या बाबतीत कॅलेंडर आतल्या भिंतीवर हलवा. दुसऱ्या बाबतीत मागच्या टिकल्या आणि थोडी हवा एवढ्यावर भागतं.

विदर्भ-मराठवाड्यात याच्या उलट घडतं. पश्चिमेची भिंत एप्रिल-मेमध्ये रात्री उशिरापर्यंत गरम राहते, पुठ्ठ्याची मागची बाजू वाळून आखडते आणि कोपरे भिंतीकडे ओढले जातात. उपाय तोच: टिकल्या, नाहीतर दुसरी भिंत.

३. दाब (खर्च शून्य, पण धीर हवा)

बाक ताजा असेल, म्हणजे गोंद लावून आठवडा झालेला नसेल, तर नुसत्या दाबाने बराच जातो. आतला ओलावा अजून निघतो आहे. तो निघताना पुठ्ठा ज्या आकारात धरून ठेवाल त्याच आकारात बसेल.

खाली सपाट प्लाय, त्यावर दोनदा घडी केलेली मऊ सुती ओढणी, त्यावर कॅलेंडर पालथं, वर बटर पेपर, मग दुसरा प्लाय आणि त्यावर ८ ते १० किलो वजन. दहा किलोची तांदळाची पिशवी यासाठी उत्तम, कारण वजन सगळीकडे सारखं पसरतं. पाण्याने भरलेला एकच डबा मधोमध ठेवला तर मध्य दबतो आणि कडा तशाच राहतात. ओढणी चुकवू नका, नाहीतर आयलेटचे आणि आरशांचे वळ कापडावर उठतात. वर्तमानपत्र वापरू नका. ओलसर कापडावर शाई उतरते, आणि ती बातमी मग वर्षभर वाचावी लागते.

पहिल्या दोन तासांनी बटर पेपर बदला, पुन्हा सकाळी बदला. कोरड्या हवेत २४ तास, पावसाळ्यात पूर्ण तीन दिवस. काढल्यावर लगेच टांगू नका. दोन्ही बाजूंनी हवा लागेल असं तासभर उभं ठेवा. सपाट पडून राहिलं तर फक्त वरची बाजू वाळते आणि बाक पुन्हा सुरू होतो.

४. मागचा कागद (एका कागदाचा खर्च)

सगळ्यात जास्त कॅलेंडरं इथे बरी होतात, म्हणून कारण नीट समजून घ्या. पांढऱ्या गोंदात पाणी असतं. गोंद लागल्यावर कापड आणि पुठ्ठ्याचा वरचा थर पाणी पिऊन पसरतात आणि त्याच अवस्थेत एकमेकांना चिकटतात. पाणी उडाल्यावर दोन्ही आखडतात आणि पुढची बाजू पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढते. मागे तितकीच ओढ देणारं काही नसेल तर पुठ्ठा वळणारच. पुस्तक बांधणारे पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला कागद लावतात तो नुसता शोभेचा नसतो. बाहेरच्या कापडाची ओढ तोच तोलतो.

कागद १२० ते १५० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) घ्या: कार्ट्रिज पेपर किंवा चांगला तपकिरी क्राफ्ट पेपर. जिलेटिन पेपर, प्लॅस्टिक लावलेला गिफ्ट पेपर चालत नाही. तो पाणी पीत नाही, म्हणून आखडत नाही, म्हणून ओढतही नाही.

आता दिशा. कागद आणि पुठ्ठा दोन्हींत तंतू एका दिशेने झोपलेले असतात. छपाईवाले त्याला ग्रेन म्हणतात. ओल लागली की कागद मुख्यतः तंतूंच्या आडवा पसरतो, लांबीत फारच कमी. मागचा कागद आडव्या ग्रेनचा आणि पुठ्ठा उभ्या ग्रेनचा असेल तर बाक जात नाही, उलट पीळ येतो. ओळखायला कागदाच्या कोपऱ्यातून दोन इंचाचा चौकोन कापा, कोणती बाजू उभी ते पेन्सिलीने लिहा आणि एका बाजूला ओलं बोट फिरवा. चौकोन गुंडाळी होऊ लागेल. त्या नळीची लांबी ज्या दिशेला, तीच तंतूंची दिशा. पुठ्ठ्यासाठी पाणी नको. हाताने हलकेच वाकवून पाहा. ज्या दिशेने सहज वाकतो त्या वळणाची रेघ तंतूंना समांतर असते. कॅलेंडरसाठी दोन्हींचे तंतू उभे, म्हणजे १८ इंचाच्या बाजूला समांतर ठेवा.

कागद लावण्याआधी मागे नजर टाका. कापडाच्या दुमडलेल्या कडांमुळे मध्ये एक उथळ खड्डा तयार झालेला असतो. कापड जाड असेल, सोलापुरी चादरीचं किंवा जाड खादीचं, तर तेवढ्याच जाडीचा कागद त्या खड्ड्याच्या मापाने कापून आधी चिकटवा. नाहीतर वरचा कागद त्या पायरीवर पोकळ राहतो आणि ओढ कडांपर्यंत पोचतच नाही.

मुख्य कागद चारही बाजूंनी ३ मिमी कमी, म्हणजे पुठ्ठ्याच्या मापापेक्षा लांबी-रुंदीत ६ मिमी लहान. गोंद कागदाला लावा, पुठ्ठ्याला नको. लावून दीड मिनिट थांबा. कागद आधी हातातच वेडावाकडा होतो, मग मऊ पडून सपाट होतो. तेवढा पसरू दिला नाही तर तो पुठ्ठ्यावर गेल्यावर पसरतो आणि सुरकुत्या पडतात. मग वरून खाली सोडत लावा, मधून कडांकडे जुन्या एटीएम कार्डाने दाबत न्या आणि तिसऱ्या तपासणीत सांगितल्याप्रमाणे दाबाखाली ठेवा. दाब नसेल तर हा सगळा खटाटोप वाया.

वाळल्यावर कोपरे अजूनही पुढे असतील तर दुसरा, पातळ कागद (८० जीएसएम) त्याच पद्धतीने चढवा. मागे गेले असतील तर ओढ जास्त झाली. कागद उचकटू नका. पुठ्ठ्याचा थर त्याच्याबरोबर निघतो. दोन-तीन आठवडे भिंतीवर राहू द्या, बहुधा थोडा परत येतो.

५. गोंद आणि फुगे

कापडाखाली पोकळी आहे का हे नखाने टकटक करून कळतं. पोकळ जागेचा आवाज कोरडा, कागदी येतो. फुग्याची हद्द टाचण्यांनी खूण करा. रंगीत पेन नको, आणि खडूही नको. तो खणाच्या विणीत बसतो.

आधी इस्त्री. वाळलेला पांढरा गोंद उष्णतेने पुन्हा मऊ होतो, त्यामुळे गोंद लागला आहे पण धरला नाही, अशा जागा इस्त्रीने बसतात. कापडावर बटर पेपर, मध्यम तापमान, एका जागी ८ ते १० सेकंद दाबून ठेवा, घासू नका. इस्त्री उचलली की लगेच गार सपाट वस्तू, स्टीलचा डबा चालेल, गोंद थंड होईपर्यंत दाबून धरा. अर्ध्या लोकांचं काम इथे बिघडतं, कारण ते गरम असतानाच हात काढतात.

हल्लीच्या बऱ्याच खणांत आणि जवळजवळ सगळ्या स्वस्त काठांत पॉलिएस्टर असतं आणि जरतार प्लॅस्टिकची असते. ती जास्त उष्णतेने आखडते, काळवंडते. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून वातीवर जाळून पाहा. सूत कागदासारखा वास देऊन राख होतं, रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतो. मणी झाला तर इस्त्री सर्वांत कमी खुणेवर ठेवा आणि उरलेल्या तुकड्यावर आधी करून पाहा.

इस्त्रीने बसत नसेल तर तिथे गोंदच नाही. जाड सुईची सिरिंज घ्या, तीन भाग गोंदात एक भाग पाणी मिसळा, दोन धाग्यांच्या मधून सुई तिरकी घालून थेंबभर सोडा, बोटाने पसरवा, दाब द्या. एका फुग्याला एक थेंब. दुसरा थेंब कापडावर डाग होऊन वर येतो. रेशमी खणावर हे करू नका, सुईचं छिद्र दिसत राहतं.

नवीन करताना गोंदाचं माप लक्षात ठेवा. १२ × १८ इंचाच्या पुढच्या बाजूला १५ ते २० ग्रॅम, म्हणजे चहाचे चार चमचे पुरतात. गोंद पुठ्ठ्याला लावा, कापडाला कधीच नाही. फोमच्या छोट्या रोलरने पसरवा, ब्रशच्या रेघा पातळ कापडातून उमटतात. पाणी मिसळायचं तर दहा चमच्यांना एक. बाटलीतला गोंद जास्त दिवस पुरावा म्हणून निम्मं पाणी घालण्याची सवय या दुखण्याची जननी आहे. पुठ्ठ्यावरचा गोंद चमकदार ओला दिसत असताना कापड टाकू नका. बोट लावल्यावर चिकटतो पण बोटाला लागून येत नाही, तेव्हा टाका. पंख्याखाली दोनेक मिनिटं लागतात, जुलैमध्ये पाच.

मैद्याची खळ कागदासाठी छान, पण कापडाच्या पाठीसाठी तिच्यात पाणी फार असतं; बाक हमखास येतो आणि कसरही लागते. बाइंडर कसरीसाठी खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे आणि फिक्या कापडावर निळसर-हिरवी झाक आणतं. घरी, मुलांच्या हाताशी नको. चामड्याच्या कामाचा पिवळा गोंद पाणीविरहित असल्याने बाक आणत नाही, हे खरं. पण कापड एकदा टेकलं की सरकवता येत नाही, वास डोक्यात जातो आणि फिक्या कापडातून पिवळा डाग वर येऊ शकतो. कॅलेंडरसाठी मी तो सुचवणार नाही.

चट्टे पडले असतील तर मन घट्ट करा. वाळलेला पांढरा गोंद विणीतून पूर्ण निघत नाही, आणि ओल्या फडक्याने घासलं तर चट्टा मोठा होतो. त्या जागी लेस, काठाची पट्टी किंवा बुट्टी लावून झाका. प्रामाणिक उपाय तेवढाच आहे.

६. कापड

इथून पुढे कापड काढावं लागतं, म्हणून वरचं सगळं करून झाल्यावरच. कापड एका कोपऱ्यातून, इस्त्रीने गरम करत, पुठ्ठ्याला समांतर मागे ओढत काढा. सरळ वर ओढलं तर पुठ्ठ्याचा थर चिकटून येतो. काढलेलं कापड पुन्हा तेच वापरण्याच्या मोहात पडू नका, गोंदाचा थर असलेल्या जागी ते दुसऱ्यांदा सारखं बसत नाही.

नव्या कापडाची आधी आखडण्याची चाचणी घ्या. १० सेंमीच्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर दोऱ्याची गाठ घाला, अर्धा तास पाण्यात ठेवा, सावलीत वाळवा, पुन्हा मोजा. २ मिमी कमी भरलं तर दोन टक्के झाले; १८ इंचांवर तो आकडा जवळजवळ ९ मिमी होतो. एवढी ओढ गोंदाच्या ओलाव्याने सुरू होते आणि पुठ्ठ्याने सोसायची असते. सुती कापड आधीच भिजवून, वाळवून, किंचित ओलं असताना इस्त्री करून घ्या. पारंपरिक खणात रेशीम आणि सूत एकत्र विणलेलं असतं आणि दोन्ही धागे ओलावा सारखा घेत नाहीत, म्हणून तो भिजला की बारीक चुण्या पडतात. असा खण भिजवू नका, मागे अस्तर द्या.

शिंप्याच्या सामानाच्या दुकानात मिळणारं इस्त्रीने चिकटणारं पातळ फ्युजिंग घ्या आणि कापडाच्या पाठीला लावा, एका जागी १० ते १२ सेकंद. एका फटक्यात तीन आजार जातात: गोंद वर येत नाही, कापड उरेबात ताणलं जात नाही, आणि ओलाव्याने कमी आखडतं. शिवणकामाचं कडक बकरम मात्र नको, कोपरे दुमडत नाहीत.

कापड चारही बाजूंनी दीड इंच जास्त, म्हणजे १५ × २१ इंच. कापण्याआधी कडेचा एक आडवा धागा ओढून काढा आणि त्या रेघेवर कापा. खणाच्या बुट्ट्या सरळ ओळींत असतात; दोन मिमीचा तिरकेपणा दाराजवळूनही दिसतो. लावताना ताणू नका, फक्त सपाट करा. ताणलेलं कापड दोन-चार दिवसांत मागे येतं आणि पुठ्ठ्याला बरोबर घेऊन येतं.

कोपरे फुगत असतील तर तिथलं जादा कापड ४५ अंशांत कापा, पण पुठ्ठ्याच्या टोकापासून जाडीच्या दीडपट अंतर सोडून, म्हणजे २.५ मिमी पुठ्ठ्याला सुमारे ४ मिमी. कमी सोडलं तर टोक उघडं पडतं, जास्त सोडलं तर गाठोडं होतं. आयलेटच्या जागी छिद्र पाडण्याआधी मागून गोंदाचा एक ठिपका वाळवा, दशा निघत नाहीत. आयलेट पितळी घ्या. किनारपट्टीवर लोखंडी आयलेटचा गंज पहिल्याच पावसाळ्यात कापडात उतरतो.

७. पुठ्ठा

पिवळसर स्ट्रॉ बोर्ड किंवा खोक्याचा पन्हळी पुठ्ठा असेल तर तो बदलण्यावाचून गत्यंतर नाही. पहिला सच्छिद्र असतो आणि ओलाव्याने लवकर मऊ पडतो, दुसऱ्यात पन्हळींच्या रेघा कापडावर उमटतात. १.५ मिमीचा ग्रे बोर्ड ए४पर्यंत ठीक. १२ × १८ ला २.५ मिमी हवाच. सनबोर्ड हलका आणि ओलाव्याला बेफिकीर, पण त्यावर आयलेट टिकत नाही आणि गरम इस्त्री लागली की आतला फोम बसतो.

दमट घरासाठी ३ मिमी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) चांगला. पण त्याच्याही दोन्ही बाजूंना आणि मुख्य म्हणजे कडांना प्रायमर किंवा पातळ केलेल्या गोंदाचा हात द्या. कापलेली कड उघडी राहिली तर ती पाणी पिऊन जाड होते. एका बाजूला रंग आणि दुसरी कोरी ठेवली तर पुन्हा तीच ओढाताण. नेहमीचे छोटे आयलेट ३ मिमीतून पलीकडे पोचत नाहीत, लांब नळीचे मागा. विकत घेताना बोर्ड दुकानात उभा-तिरका टेकवून ठेवलेला असेल तर तो घेऊ नका. तो आधीच वाकायला शिकला आहे.

कुठे थांबायचं

कापड जुनं असेल, आजीची पैठणी, लुगड्याचा पदर, खऱ्या जरीचा काठ, तर त्याला गोंद लावूच नका. आधीच लावला असेल तर स्वतः सोडवू नका. वाळलेल्या पांढऱ्या गोंदाला परतीची वाट नाही आणि जुनं रेशीम घडीवरच तुटतं. असं कापड सुती अस्तरावर टाके घालून बसवणाऱ्या अनुभवी फ्रेमवाल्याकडे द्या, आणि ‘गोंद नको, टाके घाला’ हे त्याला स्पष्ट सांगा. ते फार जीर्ण असेल तर वस्त्रसंवर्धकाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करता येईल. रोजच्या कॅलेंडरसाठी त्याच रंगाचा नवा खण घ्या.

प्लॅस्टिकच्या चाचणीत भिंतीतून ओल दिसली आणि रंगाचे पोपडे किंवा पांढरा क्षार दिसत असेल, तर ते प्लंबरचं किंवा वॉटरप्रूफिंगवाल्याचं काम. तोवर त्या भिंतीवर कागद-कापडाचं काहीच टिकणार नाही. पुठ्ठ्यात मातीच्या बारीक नळ्या किंवा कुरतडलेल्या वाटा दिसल्या तर वाळवी. कॅलेंडर पिशवीत बंद करून टाकून द्या आणि कीटकनियंत्रणवाल्याला बोलवा, कारण ती कॅलेंडरात जन्मत नाही, चौकटीतून किंवा भिंतीतून येते.

बुरशीचे दोन-चार ठिपके बाहेर नेऊन, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने झटकता येतात. ठिपके मागच्या कागदातही असतील आणि वास जात नसेल तर पाठ टाका. घरात दम्याचा रुग्ण असेल तर झटकण्याच्याही भानगडीत पडू नका.

१८ × २४ इंचांहून मोठं कॅलेंडर हवं असेल तर पुठ्ठ्याशी झगडू नका. फ्रेमवाल्याकडून लाकडी चौकट करून घ्या आणि कापड कॅनव्हाससारखं स्टेपलने ताणून घ्या. तिथे गोंदच नसल्याने वर लिहिलेले बहुतेक प्रश्न उद्भवत नाहीत. आणि खिळ्याची जागा स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा बाजूला येत असेल तर ड्रिल लावण्याआधी इलेक्ट्रिशियनला विचारा, वायरी बहुधा त्याच रेषेत गेलेल्या असतात.